हवेत थांबलेला नारळ

परवा नातवानं नव्या मोटारसायकलपुढं नारळ फोडला, पाण्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर उडाले आणि माझा हात आपोआप डोळ्यांवर गेला. ही सवय जुनी, साठ सालाच्या आसपासची. आमच्या गावी, न्हावऱ्याला, भुईमुगात रानडुकरं शिरायची, म्हणून मी ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढला आणि तिच्या शिशाच्या गोळ्या ओतायला शिकायला दौंडला दोन जुन्या, हौशी शिकाऱ्यांकडं गेलो. एक पानवाले चाचा, दुसरे रेल्वेतले फिटर आप्पा. चाचांच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर लोखंडी कढईत शिसं वितळून आरशासारखं चकाकत होतं. नव्या कामाला नारळ फोडल्याशिवाय हात लावायचा नाही, ही आईची शिस्त. तिनं दिलेला नारळ मी पिशवीतून काढला आणि शेगडीशेजारच्या दगडावर आपटायला हात उगारला, तोच चाचांनी माझं मनगट वरच्या वर धरलं. "आरं, डोळं घालवतो का? पाणी पडलं की शिसं उसळतं!" आप्पांनी चष्मा काढून गालावरचे पांढरे डाग दाखवले. "ह्ये एका थेंबानं झालंय." मी नारळ चाचांच्या हातात दिला. "नारळ फोडू की, पर शेवटाला," चाचा हसले. "देव दम धरतो, शिसं न्हाई धरत." संध्याकाळी गोळ्या निवल्यावर त्यांनी स्वतःच तो नारळ माझ्या हातात दिला आणि आम्ही तिघांनी गुळासंगं खोबरं खाल्लं. परवा शिंतोडे पुसून डोळे उघडले, तर ते नुसतं नारळाचं पाणी होतं, आणि समोर नातवाची लालभडक मोटारसायकल मला लख्ख दिसत होती.