धाकट्याची वेबसाइट वर कशी?

ते प्रकरण आठवलं की आजही माझा हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे जातो.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. प्रशिक्षणात माझ्या मागे धावणारा माझ्या तुकडीतला सोबती तेव्हा उपअधीक्षक झाला होता आणि मी निरीक्षकच राहिलो होतो. हे मला सलत होतं, ते आधीच कबूल करतो.

एके सकाळी मढ गावाकडचा पन्नाशीतला एक शेतकरी तक्रार अर्ज घेऊन आला. माळशेजला येणाऱ्या पर्यटकांसाठी त्याने राहायच्या खोल्या बांधल्या होत्या, वेबसाइटही काढली होती. वाटण्या झाल्यावर सख्ख्या धाकट्या भावाने शेजारीच तोच धंदा सुरू केला.

"साहेब, 'माळशेजला राहायची सोय' असं मोबाईलवर टाकलं की पयली माजी येबसाईट यायची. आता त्याची येती. त्यानं आत घुसून कायतरी केलंय. गुन्हा दाखल करा, आत टाका त्याला."

ज्याची चोरी होते तो वस्तूबद्दल बोलतो. हा फक्त भावाबद्दल बोलत होता. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण त्या भागात गस्त घालणाऱ्या बीट अंमलदाराने खबर आणली की मंचरचा एक लॅपटॉपवाला धाकट्याकडे दोन दिवस मुक्कामाला होता. माझा संशय पक्का झाला. धाकट्याला ठाण्यात बोलावलं. थोरलाही येऊन बसला.

"मंचरचा माणूस कशाला आला होता?"

"खोल्यांचे फोटू टाकायला, साहेब. आन मजकूर नीट लिवायला. तसं केलं की येबसाईट वर येती म्हनं."

"आणि भावाची खाली जाते?"

"न्हाई साहेब! पोरीचं लगीन ठरलंय, बोरीला. गुन्हा नोंदला तर पावणं मागं फिरतील. पोरीसाटी तरी आयका माजं."

मी आवाज चढवला. चार वेळा तोच प्रश्न फिरवून विचारला. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी जोडत जातो. हा तेच शब्द बोलत राहिला, फक्त घाम पुसत राहिला.

ठाण्यातल्या संगणकाचं काम एक महिला हवालदार बघायच्या. त्या म्हणाल्या, "सर, आपण इथं शोधून तर बघू." एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचाही मला राग आला. थोरल्याने सांगितलेलेच शब्द त्यांनी टाकले. पहिली आली थोरल्याची वेबसाइट. मग त्यांनी दुसरं सर्च इंजिन उघडलं. तिथेही थोरलाच वर आणि धाकटा पार दुसऱ्या पानावर.

"मग माज्या मोबाईलवर त्याची वर कशी?" थोरला ताडकन उठला.

बाईंनी त्याचा मोबाईल मागितला. जरा का कू करून त्याने दिला. आधी काय काय उघडलं होतं, त्याची यादी बाईंनी काढली. सकाळी धाकट्याची वेबसाइट, न्याहारीला तीच, दुपारी तीच, शेतावर असताना तीच.

"भाऊ, तुम्ही दिवसभर हेच उघडता. मोबाईलला वाटतं, तुम्हाला हेच पाहिजे. म्हणून तो आधी तेच दाखवतो."

थोरला मटकन खाली बसला. "जळतोय मी, साहेब. एकांदी गाडी त्याच्याकडं वळली की घास गिळत न्हाई. मंग बगत बसतो, कोनी त्याचं काय चांगलं लिवलंय."

बाकावरचा धाकटा सगळं ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "दादा, मला तर वाटायचं, तू माजं तोंड बी बगत न्हाईस."

थोरल्याने तक्रार मागे घेत असल्याचा जबाब दिला. सही करताना त्याने मान वर केली नाही. पुढे मला लग्नाची पत्रिका आली. निमंत्रकांत पहिलं नाव थोरल्याचं होतं.

आम्ही आरोपीच्या घराची झडती घेतो, फिर्यादीचा खिसा मात्र बघत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि तपास अधिकाऱ्याचा खिसा तर कुणीच बघत नाही. जबाब फाइलला लावून झाल्यावर मी माझा मोबाईल काढला आणि त्या उपअधीक्षकाच्या नावाचं पहिलं अक्षर टाकलं. एकाच अक्षराला त्याचं पूर्ण नाव आलं, फोटोसकट.

आता निवृत्त झालोय. तोही झालाय. अधूनमधून ते अक्षर टाकून बघतो. अजून तोच पहिला येतो.