चार टँकर आणि एक कागद मिल

रद्दीच्या धंद्यात मी सायकलवरून आलो. परभणीत दारोदार फिरून जुन्या वह्या, वर्तमानपत्रं, फाटकी खोकी तोलून घ्यायचो. आता माझं गोदाम आहे, गठ्ठे दाबायचं यंत्र आहे, आणि भावात मला आजवर कुणी गुंडाळलेलं नाही. अपवाद कागदाच्या मिलचा. मिल दोन जिल्हे ओलांडून आहे. इथल्या उन्हात कडकडीत वाळलेली माझी रद्दी तिथल्या फाटकावर पोचली की मिलवाल्यांना तिच्यात ओल सापडते आणि वजन कापलं जातं. मग त्याच रद्दीचा खाकी कागद होतो, कागदाची खोकी होतात, खोकी जिंतूरच्या दुकानांत येतात, फाटतात आणि पुन्हा माझ्याकडे येतात. एवढा प्रवास मीही केलेला नाही.

म्हणून मिलच इकडे आणायची असं मी ठरवलं. चुडाव्याजवळ माझी जमीन होती. स्टेशन हाकेवर, रस्ता लागून. एका मिलमालकाच्या मी वर्षभर मागे लागलो. जमीन माझी, रद्दी माझी, यंत्रं त्याची. शेवटी त्यानं जागा पाहायला आपला इंजिनियर पाठवायचं कबूल केलं. फोनवर एवढंच विचारलं, पाणी आहे ना? मी म्हणालो, विहीर भरलेली आहे.

उन्हाळा होता. विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता.

इंजिनियर दहाला येणार होता. मी सातलाच चार टँकर आणून विहिरीत ओतले. पाणी बऱ्यापैकी दिसायला लागलं. बाकी सगळा विचार मी केला होता, फक्त एक गोष्ट विसरलो. ती विसरणारा माणूस याच जिल्ह्यात जन्मला होता, हे मला अजून पटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिकामा होतो तो गावासाठी. तो ज्या विहिरीकडे वळेल तिकडे गाव घागरी घेऊन निघतं. विहीर कुणाची, हे कुणी विचारत नाही.

इंजिनियर गाडीतून उतरला तेव्हा कठड्याला चारी बाजूंनी बायका होत्या आणि मी ओरडत होतो. एक म्हातारी दोर ओढत शांतपणे म्हणाली, "वरडू नगंस बाबा. तुझ्या नावानंच भरायलोत."

रोज एवढी गर्दी असते का, असं इंजिनियरनं विचारलं. मी म्हणालो, या विहिरीचं पाणी गोड आहे. त्यानं मान हलवली आणि म्हातारीकडे वळला.

"आजी, या विहिरीला बारा महिने पाणी असतं का?"

"ते टँकरवाल्याला इचारा सायेब. सकाळी चार आलते. उद्या किती येतेत ते आमाला बी सांगा."

इंजिनियर सभ्य माणूस होता, हसला नाही. त्यानं समजावलं, कागद म्हणजे आधी लगदा आणि लगदा म्हणजे पाणी. नव्या मिल तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात, पण सुरुवातीचं तरी कुठून तरी यावंच लागतं. पुढेमागे रद्दी जिथे गोळा होते तिथेच लहान मिल येतील. मी विचारलं, कधी? त्यानं घड्याळ पाहिलं.

मग मी बोललो, जरा चढ्या आवाजात. कालव्याचं पाणी उसाला मिळतं. उसाचा चोथा ट्रकनं बाहेरच्या कागद मिलला जातो. म्हणजे आमच्या पाण्याचा कागद होतोच, फक्त दुसऱ्याच्या जिल्ह्यात. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. उत्तर अजून आलेलं नाही.

गाडी गेली. मी विहिरीकडे वळलो तर तळ दिसत होता आणि शेवटची घागर माझी बायको भरत होती.

"बघायलाव काय नुसतं, धरा की," ती म्हणाली. "आपलंच पाणी हाय."

मी घागर उचलून दिली. दुसऱ्या दिवशी रद्दीचा ट्रक नेहमीप्रमाणे मिलकडे गेला. फाटकावर रद्दीत ओल निघाली.