उजवा तळवा

सुनंदाताईंच्या उजव्या हाताची तीन बोटं गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पहिल्या शिफ्टला, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनखाली गेली. ‘गेली’ असंच सगळे म्हणतात. बोटं जात नसतात हो, घेतली जातात. हात आत असला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा सेन्सर तिथे बंद करून ठेवला होता, कारण तो चालू असला की माल कमी निघतो. दुसऱ्या दिवशी तीच प्रेस धुतली, तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. आणि दसरा संपताच त्याच प्रेसवर दुसरी मुलगी उभी केली. सेन्सर बंदच.

मी कामगारांसाठी पत्रकं लिहिते. त्या दिवशी देवाला हात जोडणं सोडलं. ज्याला असा हार चालतो, त्याच्याशी माझं काय बोलणं?

ताईंनी सरकारी कार्यालयात जाऊन जबाब दिला, तरच ती प्रेस थांबणार होती. बाकी कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं. पण ताई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. जेवण नाही, बोलणं नाही. बचत गटात बसून त्या सही शिकल्या होत्या. आता जबाबाखाली अंगठा लावावा लागणार, हे ऐकल्यापासून तर त्यांनी माझ्याकडे बघणंच टाकलं. “राहू द्या आता,” त्यांचे मिस्टर म्हणाले. “मी हिला परभणीला नेतो.” बोचकी बांधून तयार होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटचं विचारायला ताईंच्या भाड्याच्या खोलीवर गेले. घरमालकीणबाईंनी नव्या खोल्यांसाठी सत्यनारायण घातला होता. त्या कढईतून उतरलेला वाफाळता शिरा घेऊन दारात आल्या आणि जन्मभराच्या सवयीनं बोलून गेल्या, “उजवा हात कर म्होरं.”

ताईंनी हात पदराखाली ओढला. मालकीणबाईंनी जीभ चावली. आता त्या माफी मागतील, डाव्या हातावर प्रसाद ठेवून निघून जातील, असं मला वाटलं. त्या मात्र खाली बसल्या, पदराखालचा हात हळूच बाहेर काढला, पट्टीखाली उघड्या उरलेल्या तळव्यावर शिरा ठेवला.

“ह्योच उजवा. बोटं असू दे न्हाई तर नसू दे. देवाला तळवा लागतो.”

ताई बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “पोळायलंय की ओ मावशी!”

“मंग फुकून खा. का मी भरवू?”

ताई हसल्या. त्या हाताला आता काहीच कळणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कळत होतं. तूप मनगटावर ओघळलं तेही कळलं. त्यांनी तळवा तोंडाशी नेला, सगळा शिरा संपवला, तळवा चाटला. मग माझ्याकडे वळल्या. “अंगठा लावायचाय न्हवं? हाय मला. उजवाच लावते. बघू दे त्यांना.”

जबाबाखाली अंगठा लावून परतताना चाकणच्या स्टँडवर, कांद्याच्या ट्रकांच्या धुरळ्यात, आम्ही चहा घेतला. त्यांनी पेला त्याच तळव्यावर धरला. “हे बी कळायलंय,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, जणू गरम चहा जगात पहिल्यांदाच झाला होता. माझ्या हातातला पेला मला तोवर कधी जाणवलाच नव्हता.

हा चमत्कार आहे का, यावर मी वाद घालणार नाही. बोटं परत आली नाहीत. ताईंचं काम गेलं. त्या एका प्रेसचा सेन्सर सुरू झाला, शेजारच्या ओळीत काय चाललंय ते देव जाणे. पण त्या सकाळी मालकीणबाईंच्या रूपानं कुणीतरी दारात आलं, हे मी नाकारू शकत नाही. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, असं मी समजत होते. जो हात उरलाय तोच पुढे करणं, हे मी ताईंकडून शिकले. मी पुन्हा हात जोडते. जोडताना दहाही बोटं जाणवतात.

आता तुमचं. येत्या दसऱ्याला मशीनला हार घालायच्या आधी सेन्सर चालू आहे का ते बघा. बंद असेल तर हार खाली ठेवा आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा: का बंद आहे?