उन्हात तापवलेल्या सेलवरचं गाणं

आमच्या बँडात खुळखुळा वाजवणारे काका नसते, तर मी त्या रविवारीच परभणीच्या गाडीत बसलो असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोक शाबासकी मलाच देतात.

दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. आठवी अर्धी सोडून मी क्लॅरनेट घेऊन नाशिकला आलो होतो. घरी सांगितलं होतं, पक्की नोकरी लागली. पक्की कसली? बँडचे मास्तर मला एक सीझन पारखणार होते. तेव्हा बँडवाल्याचं पोट हिट गाण्यांवर चालायचं. शुक्रवारी पिक्चर लागला की रविवारच्या लग्नात त्यातलं गाणं पाहिजेच. जरा जुनं वाजवलं की पोरं ओरडायची, "ओ काका, हे आमच्या आईच्या लग्नातलं!"

दिंडोरीकडच्या एका लग्नाची सुपारी होती. नवरदेवाचे मित्र गुरुवारी एक कॅसेट देऊन गेले. इतकी नवी, की अजून कुठल्या रिक्षातही वाजत नव्हती. मास्तर मला म्हणाले, "चाल तू धरायची, बाकीचे तुझ्या मागं येतील. जमलं तर राहा. नाही जमलं तर स्टँडचा रस्ता तुला माहीत आहे."

मास्तरांच्या वॉकमनचे सेल मेलेले. नवे मागायची भीती वाटली. म्हणून आमच्या गावी करतात तसे मी ते दुपारभर पत्र्यावर उन्हात तापवले. सेलांत जीव आला, गाणं सुरू झालं. गायिकेचा आवाज जरा घोगरा वाटला. म्हटलं, नवीन बाई असेल. चाल मात्र संथ, गोड, काळजात उतरणारी. दोन दिवस तीच घोकली. हिच्यावर पोरं नाचणार कशी, अशी शंका आली होती, पण विचारणार कोणाला? नाशिकवाल्यांना काय आवडतं, मला काय ठाऊक!

रविवारी सकाळी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. पोरं हात वर करून तयार. मी डोळे मिटून चाल धरली, बँड माझ्या मागं. पोरांचे हात वरच राहिले.

"आरं, नवरदेव मारुतीला चाललाय का नवरी सासरी?" एक जण ओरडला.

नवरदेवाच्या आत्यानं तर डोळ्याला पदर लावला. मास्तरांनी वळून माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडची फुंकच आटली.

काका माझ्या शेजारी होते. सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे, साठी ओलांडलेले. कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, हाई गानं शे का रडनं?" आणि खुळखुळा घेऊन थेट माझ्यापुढं नाचायलाच लागले. "मना पाय दख! फक्त पाय!"

मी पाय बघत राहिलो. पायांनी वेग घेतला तशी माझी बोटं पळायला लागली. ड्रमवाला हसतच मागं आला. दुसऱ्या कडव्याला पोरांनी काकांना खांद्यावर उचललं. पण तोवर मला त्यांच्या पायांची गरज उरली नव्हती. आत्याही फुगडी घालत होत्या.

जेवणाच्या पंगतीत मास्तरांनी विचारलं, "सुरुवात एवढी रडत करायला कोणी सांगितलं होतं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात काका म्हणाले, "मी. आधी रडवायचं, मग नाचवायचं. पब्लिक तापतं."

मास्तरांनी बुंदीचा घास सावकाश चावला. "मग पुढच्या लग्नातही असंच घ्या. आणि तू, उद्या प्रॅक्टिसला वेळेवर ये."

अर्धमेल्या सेलांवर कॅसेट हळू फिरली आणि मी तीच रडकी चाल शिकलो, हे मी काकांना परतीच्या टेम्पोत सांगितलं. ते इतके हसले की ड्रायव्हरनं गाडी थांबवून पाणी दिलं.

पुढं ते गाणं वर्षभर सलूनात, रसवंतीत, जिथं तिथं वाजलं. येवल्यापासून मनमाडपर्यंत लोक आम्हाला म्हणायचे, "ते आधी रडवणारं घ्या ना." मी नाशिकमध्येच राहिलो, आजही आहे. नवं गाणं हातात आलं की अजूनही मी ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकून खात्री करतो.

काकांचे गुडघे गेले, ते आता गावी असतात. त्यांची नात नर्सिंग शिकते. तिचं लग्न ठरेल तेव्हा अख्खा बँड घेऊन मी सटाण्याकडं जाणार आहे. काकांना फेटा बांधून उघड्या जीपमध्ये बसवीन आणि ते सांगतील ते गाणं, ते सांगतील तितका वेळ वाजवीन. फोनवर शब्द दिलाच आहे. इथं लिहूनही देतो.