बँजो मी कुणाकडे शिकले

“बँजो? म्हणजे वरातीतला? आता नाचायचं का आपण?”

लातूरच्या त्या छोट्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मी समोर बसून माझ्या चार तारांच्या टेनर बँजोचे सूर जुळवत होते. त्यानंतर मी जे केलं, ते आजवर एकाही मैत्रिणीला सांगितलेलं नाही — तुम्हालाच पहिल्यांदा.

माझे मामा निलंग्याकडे वरातीत बँजो वाजवतात. त्यांचा बटणांचा — डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडेच शिकले. डब्याच्या झाकणातून कापलेली प्लास्टिकची पट्टी बोटांत देऊन ते म्हणायचे, “मनगट ढिलं सोड, माय. दगड फोडायलीस का?”

टेनर नंतर घेतला. त्याला कातडं ताणलेलं असतं; सूर खणखणीत उठतो आणि लगेच विझतो. लांबवायचा तर मनगट सतत थरथरतं ठेवावं लागतं. मला ते पहिल्याच दिवशी जमलं. कशामुळे — हे मला ठाऊक नव्हतं का? तिकडे अमेरिकेत, त्याच्या मुलखातही टेनरला गोंगाटाचं वाद्य म्हणून हसतात, हेही मी वाचलं होतं. तरी त्या दोघींच्या हसण्याला घाबरले.

“हा तो बँजो नाही,” मी माइकवर म्हणाले. “हा खरा बँजो.”

खरा! आणि मामा मागच्या रांगेत — इस्त्रीचा शर्ट घालून, एसटीनं मुद्दाम आलेले.

कार्यक्रमानंतर त्याच बाईंनी विचारलं, “कुणाकडे शिकलीस गं?” मामा शेजारीच उभे होते.

“कुणाकडे नाही. व्हिडिओ बघून.”

“हाव,” मामाच बोलले, “पोरगी लई हुशार हाय.”

“तुम्ही कोण हिचे?”

मीच सांगेन म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची चेन लावत राहिले.

“गावाकडचा हाय,” ते म्हणाले.

नंतर मी नांदेडला वाजवलं, उदगीरला वाजवलं. दर वेळी मामांना बोलावलं. “सीझन हाय, माय” — लग्नाची तिथी नसतानाही त्यांचं हेच उत्तर. मला कळत नव्हतं, असं म्हणू?

दोन लग्नसराया गेल्या. गेल्या महिन्यात निलंग्याला गेले. मामांच्या बँजो पार्टीतली, सोबत वाजवणारी माणसं अंगणात चहा पीत होती. मामा एकटे भेटले असते तर सोपं होतं, पण एकटे नव्हते. मी सगळ्यांसमोरच बोलले —

“मामा, लातूरला मी ओळख दाखवली नाही. मला तुमची लाज वाटली.”