जुनी जागा सोडा, असं म्हणाले होते

किल्लीवाले काका त्या इमारतीचे मालक नव्हते, पण भाडेकरूंना मालकापेक्षा तेच जास्त ठाऊक. नळ गळो की करार संपो, पहिली हाक त्यांनाच. वीस वर्षांत त्यांनी कुणाला टोपी घातली नव्हती, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

तळमजल्याचा गाळा रिकामा झाला तेव्हा बाइंडर बाई आल्या. पुस्तकं बांधायचं काम, मदतीला धाकटी बहीण आणि कागद कापायचं एक लोखंडी धूड. बाईंनी टाच आपटून फरशी तपासली, मशीन कुठे बसेल ते खडूने आखून घेतलं. तीन आठवडे बोलणी चालली. कराराचा मसुदा मालकाच्या टेबलावर होता. सही तेवढी होत नव्हती.

मग एका सकाळी मालक म्हणाले, "चष्मेवालाही गाळा मागतोय. त्याचं नक्की होईपर्यंत बाईंना धरून ठेवा."

त्याच दुपारी बाईंचा फोन आला. "काका, जुनी जागा सोडतेय हे आजच कळवावं लागेल. कळवू ना?"

काकांनी वर पाहिलं. समोर मालक बसलेले.

"बिनधास्त कळवा," ते म्हणाले. "गाळा तुमचाच समजा."

दहा दिवसांत चष्मेवाल्याने सही केली. बाईंना सांगायचं कामही काकांच्याच गळ्यात पडलं. त्या ओरडल्या नाहीत. "पण तुम्ही म्हणाला होतात," एवढंच बोलल्या. ते काकांना शिवीपेक्षा जास्त लागलं. जुन्या जागेत तोवर दुसरं कुणी आलं होतं. मशीन कुणाच्या तरी गोदामात ताडपत्रीखाली गेलं, शाळांच्या वह्यांचं काम हातचं गेलं आणि धाकटी बहीण दुसरीकडे नोकरीला लागली.

"नुसतं चिवडताय. झालंय काय?" जेवताना बायकोने विचारलं. काकांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

बाई कोर्टात गेल्या. मालकाच्या वकिलाने काकांना पढवलं, "सही नाही म्हणजे करार नाही. तुम्ही फक्त 'बघू' म्हणालात. विषय संपला."

साक्षीच्या दिवशी बाईंच्या वकिलाने विचारलं, "फोनवर नेमकं काय म्हणालात?"

काका मालकाकडे न बघता बोलले. "म्हणालो, बिनधास्त कळवा. गाळा तुमचाच समजा."

"चष्मेवाल्याचं तेव्हा माहीत होतं?"

"त्याच सकाळी कळलं होतं."

मालकाने तोंड फिरवलं.

निकाल लागला. करार झालाच नव्हता, त्यामुळे गाळा बाईंना मिळणार नव्हता. पण खोट्या भरवशावर त्यांनी जुनी जागा सोडली होती, ते नुकसान मालकाने आणि काकांनी मिळून भरून द्यायचं होतं. इमारतीचं काम तर काकांच्या हातून साक्षीच्या दिवशीच गेलं होतं. त्यांनी अपील केलं नाही.

कोर्टाच्या जिन्यात ते बाईंपुढे उभे राहिले. "बाई, माझं चुकलं."

"आज खरं बोललात, बरं केलंत," बाई म्हणाल्या. "पण मला ते त्या दुपारी हवं होतं."

पुढे बाईंनी गावाबाहेर एक शेड घेतली. काका एकदा तिथवर गेले. आत मशीन चालू होतं, कापलेल्या कागदाची खचखच रस्त्यावर ऐकू येत होती. बाई एकट्याच काम करत होत्या. काका दारापर्यंत गेले आणि तसेच मागे फिरले.