मशीनले विचारणारा

त्याच्या बदलीआधीचा शेवटचा चहा आम्ही चिखलीच्या टेलिफोन एक्सचेंजात प्यालो. तो मेकॅनिक, मी चौकीदार. बायको गेल्यापासून माझा चहा तिथंच.

तेवढ्यात कुणाचेच नवे कॉल लागेनात. साहेब म्हणाले, "मशीन बंद करून चालू कर."

तसं केलं तर चालू फोन तुटतात. सोनाळ्यात माझी लेक बाळंतपणात अडली होती, नर्स याच मशीनवरून लागलेल्या फोनवर डॉक्टरला विचारत होती.

"काका, मी नाही करत," तो मला म्हणाला. नेहमीसारखा चपला काढून बसला, हुकूम टाइप केला, पडद्यावर मशीनच्या चालू कामांची यादी मागवली.

"सांग बे, कोन अडवून राह्यलं?" त्यानं मशीनला विचारलं.

एकच काम सगळ्यांचा वेळ खात होतं. त्यानं तेवढंच थांबवलं. फोन लागले. लेक सुखरूप बाळंत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीला जायच्या आधी, त्यानं मला मशीनसमोरच्या त्याच्या खुर्चीवर बसवलं. "आजोबा, मी चाललो, आता तुमी विचारा मशीनले."